यानचा व्हिसा आणि घाटघरची हिरा

माझ्या नवऱ्याचा भारतात येण्याचा अर्ज एकदा नामंजूर झाला, आणि त्यात सरकारचा काडीचाही दोष नव्हता. ते कर्तृत्व माझं.

मी जुन्नर तालुक्यातल्या आळ्याची. नर्सिंग केलं, जर्मन भाषा शिकले (म्हणजे रडत रडत पास झाले) आणि जर्मनीतल्या एका दवाखान्यात नोकरीला लागले. तिथं यान भेटला. फिजिओथेरपिस्ट. लोकांचे गुडघे वाकवता वाकवता त्यानं माझं मन कधी वळवलं, ते मलाच कळलं नाही. लग्न तिकडंच झालं. आईबाबांनी जावई पाहिला तो फक्त मोबाइलवर. त्यानं तर सासूला अजून कपाळाच्या वरच पाहिलंय, कारण आई फोन तसाच धरते.

यंदा माझ्या धाकट्या भावाचं, सिद्धार्थचं लग्न ठरलं. मुलगी मंचरची, कार्यालयही मंचरचं. मी महिनाभर आधी आळ्याला आले. यानला सुट्टी मिळाली ती अगदी लग्नाच्या आठवड्यात. टुरिस्ट व्हिसाचा अर्ज तो तिकडून शांतपणे भरणार होता. पण मी म्हटलं, "तू काही करू नकोस, सगळं मी बघते!" (हे वाक्य मी ज्या ज्या वेळी उच्चारलंय, त्या त्या वेळी काहीतरी मोडलंय.)

तर मी गेले आळेफाट्यावर, बाळूभाऊंच्या ऑनलाइन सेंटरात. बाळूभाऊ म्हणजे सातबारा, परीक्षेचे फॉर्म, लाइट बिल यातले दादा माणूस. व्हिसाचा फॉर्म त्यांनी जन्मात भरला नव्हता, पण तसं त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मागं सातबारावाले सात-आठ जण बाकावर बसलेले.

"हां ताई, मालकांचं नाव?"

मी स्पेलिंग सांगितलं. बाळूभाऊंनी टाइप केलं आणि स्क्रीनकडं बघत राहिले.

"ताई, ह्ये तर 'जान' झालं. घरात लाडानं काय बी म्हणा, सरकारी कागदावं पाळण्यातलं नाव लिवावं लागतंय."

"पाळण्यातलंच आहे. आणि ते यान आहे."

"म्हंजी आईबाप बी जानच म्हणायचे?"

"लई प्रेमळ घराणं दिसतंय राव!" बाकावरून एक जण.

पुढचा रकाना, अंगावरची ओळखीची खूण. मी बाळूभाऊंच्या कानाजवळ वाकून हळूच सांगितलं. बाळूभाऊंनी टाइप करता करता, सवयीनं, खणखणीत आवाजात म्हटलं, "डाव्या खांद्याच्या खाली तीळ!" बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तीळ मंजूर झाला.

मग आला तो रकाना. 'यापूर्वी भारतात आला होतात का? असल्यास कुठं राहिलात?'

आता, यान कॉलेजात असताना भारतात येऊन गेलाय हे मला ठाऊक होतं. "मी घाटांमध्ये राहिलो होतो," असं त्यानं पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. मी मनात काशीचे घाट धरले. परदेशी पोरगा, पाठीवर पिशवी, त्यात घाट. म्हणजे काशीच की! पुढं कधी विचारलं नाही. आणि मीही त्याला माझं गाव 'पुण्याजवळ' एवढंच सांगत आलेली. (परदेशात गेलं की आपण सगळेच पुण्याजवळचे होतो.)

नेमका पत्ता हवा म्हणून मी तिथूनच यानला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं कपाटातून जुनी वही काढली, पानं उलटली आणि जीभ वळवत वाचलं, "घाट... घर. जुन्नर."

"आरं तिच्या!" बाळूभाऊ खुर्चीतून उठले. "ह्ये तर आपलं नाणेघाटाकडचं घाटघर!"

बाकावर आनंदीआनंद झाला. जावई पहिल्यापासून तालुक्यातलाच निघाला! मलाही हसू फुटलं. काशी गेली आणि घाटघर आलं, यापरतं काय हवं? मी विचारलं, "कुणाकडं राहिला होतास?"

यानचा चेहरा बदलला. म्हणजे कसा? आमच्या लग्नाच्या फोटोत तो जसा दिसायला हवा होता आणि दिसला नव्हता, तसा.

"हिरा," तो म्हणाला. वर एक सुस्कारा. "नऊ दिवस होतो मी तिच्याकडं. हिरानं माझी किती काळजी घेतली! मी तिला कधीच विसरणार नाही."

ज्या माणसाला माझ्या वाढदिवसाची तारीख दर वर्षी मोबाइल सांगतो, तो माणूस 'कधीच विसरणार नाही' म्हणाला!

"कोण हिरा?" मी जर्मनमध्ये विचारलं.

"हिरा! घाटघरची!"

"ते कळलं. पण कोण?"

"खूप छान बाई. फार सुंदर हसायची."

यापुढं मी काय काय बोलले ते लिहीत नाही. जर्मन भाषेत माणूस प्रेमानं बोलला तरी ऐकणाऱ्याला भांडण वाटतं. मी तर खरोखरच भांडत होते! बाकावरचे एक आजोबा कळवळून म्हणाले, "पोरी, जाऊ दे. सर्व्हर डाऊन असंल, उंद्या हुईल."

मी फोन कापला.

"बाळूभाऊ, आधी भारतात आलाय का, तिथं 'नाही' करा."

"पण ताई, आत्ता तर त्ये सोता..."

"नाही म्हणजे नाही!"

बाळूभाऊंनी 'नाही'वर टिचकी मारली आणि चमत्कार झाला. मागच्या मुक्कामाचे सगळे रकाने स्क्रीनवरून नाहीसे झाले! घाटघर गेलं, नऊ दिवस गेले, हिरा गेली. एका टिचकीत सवत नाहीशी करण्याची सोय सरकारनं करून ठेवलीय, हे बायकांना कुणी सांगत कसं नाही? माझ्या नवऱ्याच्या सरकारी कागदावर हिराचं नाव मी काही चढू दिलं नाही. अर्ज गेला. बाळूभाऊंनी यानचा चौकोनी फोटो, पासपोर्टचं पान, सगळं माझ्या मोबाइलवर पाठवलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जवळ. लागंल." त्या माणसाला पुढचं दिसत होतं.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आई गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"हिरा म्हंजी बाई का बैल?"

"काय?"

"आगं, बैलाचं बी नाव आसतंय. बेल्ह्याच्या बाजारात हाक मारली 'हिऱ्या', तर पाच-सहा बैल मान वळवत्याल."

त्या बैलावर मी दोन दिवस काढले! तिसऱ्या दिवशी न राहवून यानला विचारलं, "हिराला शिंगं होती का?" तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, "नाही, लांब वेणी होती."

वेणी! नऊ वर्षांनी वेणी लक्षात आहे! मी जर्मनीत केस कापून आले तेव्हा याला चार दिवसांनी कळलं होतं.

पाचव्या दिवशी मेल आला. अर्ज नामंजूर. पासपोर्टवर आधीच्या व्हिसाची नोंद आहे आणि तुम्ही तर कधी आलाच नाही म्हणता, सबब माहिती विसंगत. नवा अर्ज खऱ्या माहितीनिशी करावा.

यानचा फोन आला. बिचारा शांतपणे म्हणाला, "त्या मशीननं काहीतरी चूक केली वाटतं."

"हो," मी म्हटलं. "मशीनच."

लग्नाला अकरा दिवस उरले होते. पत्रिका वाटून झालेल्या. त्यात 'निमंत्रक' म्हणून बाबांनी यानचं नाव पहिल्या ओळीत घातलेलं आणि भेटेल त्याला दाखवलेलं. आळ्यातलं प्रत्येक माणूस मला रस्त्यात थांबवून विचारत होतं, "जर्मनीचं पावणं कधी येणार?" आता मी काय सांगू? येणार होते, पण त्यांच्या बायकोला एका वेणीचा राग आला?

बाळूभाऊंकडं गेले. ते "मी म्हणलो व्हतो" असं म्हणाले नाहीत. नुसते बघत राहिले. त्यापेक्षा म्हणाले असते तर बरं!

"ताई, आता कच्चं काम नको. त्या हिराबायचं पूर्ण नाव, घराचा पत्ता, फोन नंबर, समदं बैजवार आणा. कुणी फोन करून इचारलं तर तिनं 'हो, ऱ्हायला व्हता' म्हणलं पायजे."

म्हणजे ज्या बाईचं नाव मी खोडलं, तिच्याच दारात जाऊन आता नाव मागायचं! पण खरं सांगते, फोन नंबर हे निमित्त होतं. मला ती हिरा एकदा बघायचीच होती.

सिद्धार्थच्या हळदीसाठी घेतलेली पिवळी साडी मी नेसले. लिपस्टिक, गॉगल, मोत्याचे कानातले. आई स्कूटीजवळ उभी राहून मला खालून वर न्याहाळत होती. (ती येणारच होती. "जावयाला जिनं संबाळलं तिचं त्वांड तरी बघू" म्हणत होती.)

"व्हिसाला निगालीस का शिनिमात काम करायला?"

"आई, बस मागं."

नारायणगावपर्यंत मी सुंदर होते. जुन्नरला लिपस्टिकवर धूळ बसली. आपटाळ्याच्या पुढं केसांचा झाडू झाला. उन्हानं चेहरा लाल, साडीच्या काठाला स्कूटीचं वंगण. घाटघरला पोचलो तेव्हा गॉगल काढला, तर डोळ्यांभोवती तेवढे दोन गोल गोरे आणि बाकी सगळी मी मातीची! आई मात्र डोक्यावर पदर घेऊन मागं बसल्यामुळं जशीच्या तशी.

घर विचारावं लागलं नाही. पहिल्यालाच विचारलं तर तो म्हणाला, "हिरावयनीचं? त्ये काय, फुडं." अंगणात एक बाई कुरडया वाळत घालत होती. पस्तीस-छत्तीसची. सडपातळ, ताठ, आणि वेणी खरंच कमरेपर्यंत. आमच्याकडं वळून ती हसली.

यान खोटं बोलत नाही. ही त्याची सवय मला कधीच आवडली नाही.

"या, बसा. दोगीच का? जेवायचं सांगू का? तांदळाची भाकर हाय, नाचणीची बी हाय." नाणेघाट बघायला येणाऱ्यांना ती घरी जेवण देते, राहायला खोली देते. तिला वाटलं, आम्ही गिऱ्हाईक.

मी ताठ उभी राहिले. "मी यानची बायको."

"कुणाची?"

"यानची! जर्मनीचा. नऊ वर्षांपूर्वी तुमच्याकडं नऊ दिवस राहिला होता."

"आसंल," हिरा म्हणाली आणि कुरडई सरळ केली. "आमच्याकं लई येत्यात ओ."

मी मोबाइलवरचा यानचा सगळ्यात चांगला फोटो पुढं धरला. तिनं डोळे बारीक केले, फोन लांब नेला, जवळ आणला.

"नाय बा. ह्ये समदे मला सारखेच दिसत्यात. सोलल्याल्या बटाट्यागत."

आता खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. ज्या बाईपायी मी आठवडाभर जळले, तिला माझा नवरा आठवतही नव्हता! पण काय झालं कुणास ठाऊक, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बटाटा? माझा नवरा?

"असं कसं आठवत नाही? नीट बघा! उंच आहे, निळे डोळे आहेत, हसला की एका गालाला खळी पडते! दवाखान्यातल्या आज्ज्या त्याच्याकडूनच गुडघे चोळून घ्यायचा हट्ट धरतात! असा माणूस नऊ दिवस घरात राहतो आणि तुम्ही विसरता?"

आईनं मला कोपरानं ढोसलं. "आगं, तू हिला जाब इचारायला आलीस का नवरा पसंत करायला लावतीस?"

मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. "रेंज कुठं मिळते इथं?"

रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर. मी हिराला हाताला धरून ओट्यावर नेलं आणि आईच्या फोनवरून यानला व्हिडिओ कॉल लावला. यान दिसला. हिराला बघून तो ओरडलाच, "हिरा!"

हिरानं क्षणभर पाहिलं, आणि मग टाळी वाजवून जी हसली, जी हसली!

"आगं बया! ह्यो व्हय! आवो, ह्यो तर आमचा हागऱ्या!"

आई तोंडाला पदर लावून खाली बसली.

मग सगळी हकीकत बाहेर आली. यान आला, पहिल्याच दिवशी तंबी देऊनही डबक्यातलं पाणी प्यायला, आणि पुढचे नऊ दिवस त्यानं घाटघर पाहिलं ते तांब्या हातात धरून पळता पळता. हिरानं त्याला भाताची पेज पाजली, ओव्याचं पाणी दिलं, आणि दहाव्या दिवशी तिच्या नवऱ्यानं त्याला पाठीवर घेऊन जीपपर्यंत पोचवलं. "नाणेघाट त्यानं बगितलाच न्हाई वो! तेवढ्या लांब जायाची सोयच नव्हती." ही ती काळजी! हे ते नऊ दिवस! आणि लाज वाटते म्हणून त्यानं मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

तर मी आता शांत व्हावं की नाही? नाही झाले. कारण ते दोघं बोलायला लागले. हिराला जर्मन येत नाही, यानला मराठी येत नाही, तरी दोघं बोलतायत आणि हसतायत! "पेज!" यान म्हणतो. "पेज, पेज!" हिरा म्हणते. "तांब्या!" "पळा!" "कसं व्हतंय आता पोट?" चार वर्षांत मी त्याला 'हो' आणि 'नको' यापुढं एक शब्द शिकवू शकले नाही; हिराचे अकरा शब्द त्यानं नऊ वर्षं सांभाळून ठेवलेले! तेवढ्यात हिराच्या जाऊबाईनं आईला पेज आणून दिली. आई एक घोट घेऊन म्हणाली, "पोरगी लई गुणाची. बघ, याला म्हणत्यात पेज. तू करतीस ती खळ व्हती, कपडे कडक करायची."

नवरा तिकडं, आई तिकडं. मी एकटी ओट्याच्या कडेला बसले, माझा मोबाइल काढला आणि म्हटलं, उगाच जळत बसण्यापेक्षा अर्ज तरी भरू. रेंज आहे, फोटो आहे, हिरा समोर आहे. एक कान तिकडं ठेवून मी भरायला लागले. "हिराताई, पूर्ण नाव सांगा." तिनं सांगितलं, मी घातलं. जन्मगाव? घाटघरच. घातलं. माझं नाव, माझा फोन नंबर, घातला. 'आधी आला होतात का?' हो! हो! हो! मागून यानचं खिदळणं ऐकू येत होतं. मी दात आवळून शेवटचं बटण दाबलं.

निघताना हिरानं आम्हाला पिशवीभर कुरडया दिल्या. मला म्हणाली, "ताई, त्वांड धुऊन जावा. वळखू येईना झालाय."

तिसऱ्या दिवशी व्हिसा मंजूर! बाळूभाऊंनी सेंटरात पेढे वाटले. मी आठवडाभर आळ्यात मान वर करून फिरले. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी यानचं विमान मुंबईला उतरणार होतं. आई आणि मी हार घेऊन विमानतळाबाहेर उभ्या. विमान उतरलं. तासाभरानं माझा फोन वाजला. आतला एक अधिकारी बोलत होता, अगदी सभ्य माणूस.

"प्रज्ञाताईच ना? जर्मनीहून एक गृहस्थ आलेत. त्यांच्या अर्जात भारतातली ओळखीची व्यक्ती म्हणून आपलं नाव आहे."

"ओळखीची?" मी म्हटलं. "साहेब, मी बायको आहे त्यांची!"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज.

"नाही, बायको म्हणून इथं हिराबाई आहेत. जन्मगाव घाटघर."

माझ्या हातातला हार खाली पडला. ओट्याची ती कड, तो एक कान, ते दात आवळणं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. एक रकाना वर, एक रकाना खाली!

"साहेब, त्या बायको नाहीत!"

"मग कोण आहेत?"

"त्यांनी फक्त पेज पाजली!"

"काय पाजली?"

"पेज! साहेब, अहो देवमाणूस बाई आहे ती! नवरा आहे, घरदार आहे! यांचं त्यांचं तसलं काही नाही, मी हमी देते! अहो, तिला तर हे आठवतसुद्धा नव्हते! बटाटा म्हणाली ती यांना!"

आजूबाजूचे पाट्या घेऊन उभे असलेले सगळे ड्रायव्हर माझ्याकडं वळले होते. आई माझ्या कानाशी येऊन फोनमध्ये ओरडत होती, "सांग त्यास्नी, पोरगी लई गुणाची हाय!" दोन आठवडे जिच्या नावानं मी बोटं मोडली, तिच्या चारित्र्याची ग्वाही मी भर विमानतळावर घसा फोडून देत होते.

साहेबांनी लग्नाच्या दाखल्याचा फोटो मागवला. मी लगेच पाठवला. मग त्यांनी विचारलं, "आता सगळं जुळतंय. फक्त एक सांगा, हा अर्ज भरला कुणी?"

"मी."

"तुम्ही स्वतः?"

"स्वतः."

पलीकडं कुणीतरी फोनवर हात ठेवला, पण हसणं ऐकू आलंच, एकट्याचं नव्हतं. मग ते घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, बायका नवऱ्यावर संशय घेतात हे रोज बघतो. पण दुसरीचं नाव बायको म्हणून स्वतः टाइप करून सरकारला पाठवणाऱ्या तुम्ही पहिल्याच. सोडतोय त्यांना बाहेर. घेऊन जा, तुमची काही हरकत नसेल तर."

"थँक्यू साहेब," मी म्हटलं. यापेक्षा जास्त हक्कानं मी काय बोलणार? मी त्याची नुसती ओळखीची!